लालबागच्या पतपेढीचा डॉस प्रोग्राम विंडोज ११ वर आणताना

लालबागमधल्या एका लहान पतपेढीचं सगळं कामकाज क्लिपर या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टम) प्रोग्रामवर चालतं. सभासद, शेअर, बचत, मुदत ठेव, पिग्मी, कर्ज, रोजकीर्द, तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाकींचं पत्रक), सगळं त्यातच. इतकी वर्षं हा प्रोग्राम विंडोज एक्सपीच्या मशीनवर होता. ते मशीन थकलं, त्याच्या जागी विंडोज ११ ची दोन मशीन आली आणि त्यांवर प्रोग्राम उघडायलाच तयार नाही. हे स्थलांतर आम्ही केलं. त्यात काय काय लागलं ते इथे तपशिलात लिहितो आहोत.

आधी कारण समजून घेऊ, म्हणजे चुकीच्या उपायांत वेळ जात नाही. डॉसचे प्रोग्राम १६-बिट. ३२-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग त्यांच्यासाठी डॉसचं वातावरण उभं करायचा आणि त्यासाठी प्रोसेसरचा ‘व्हर्च्युअल ८०८६’ मोड वापरायचा. प्रोसेसर ६४-बिट मोडमध्ये गेला की हा मोड मिळतच नाही, म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम ठेवलेला नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच आली. ३२-बिट विंडोज १० वर हा प्रोग्राम चालला असता, पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रॉपर्टीजमधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅबचा इथे काही उपयोग नाही. तो टॅब प्रोग्रामला विंडोजची जुनी आवृत्ती असल्याचं भासवतो. प्रोसेसरचा गेलेला मोड परत आणू शकत नाही.

मार्ग एम्युलेटरचा, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा. पण डॉस प्रोग्राम पडद्यावर आणणं हा या कामाचा सगळ्यात लहान भाग आहे. त्याच्या भोवतीची व्यवस्था, म्हणजे दोन काउंटरमधलं लॉकिंग (एकाने उघडलेली नोंद दुसऱ्याला बंद ठेवणं), डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, तारखा आणि जुन्या फाइलींतली मराठी नावं, ही नीट उभी केली तरच पतपेढीचं काम चालतं. खर्चाचा आणि वेळेचा अंदाज देताना हे धरलंच पाहिजे.

पहिलं काम डेटाचं. जुनं मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघायचं नाही. आतली हार्ड डिस्क काढली. ती ४० पिनांची आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, होती. लॅमिंग्टन रोडवर यूएसबी-आयडीई कन्व्हर्टर अजून मिळतो. घेताना सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर आहे ना ते बघा, कारण ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून ते येत नाहीत. डिस्कवरचा जंपर ‘मास्टर’ला लावला. डिस्क विंडोजला न जोडता लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून बूट केलेल्या मशीनला जोडली, कारण विंडोज जोडलेल्या डिस्कवर आपल्या फाइली लिहायला लागते. डीडीरेस्क्यू या डिस्क वाचवण्याच्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली. पहिली फेरी खराब जागा सोडून पुढे जाणारी, दुसरी फेरी त्या जागांवर तीनदा प्रयत्न करणारी, आणि दोन्हींना एकच मॅप फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद). मॅप फाइल दिली नाही तर मध्येच वीज गेल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मुंबईच्या दमट हवेत पडून राहिलेल्या डिस्कचे कनेक्टर हिरवट होतात. जोडण्याआधी ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे केले.

इमेजमधून डेटाचा फोल्डर काढल्यावर त्यात सोर्स (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर) आहे का ते शोधलं. डॉट पीआरजी एक्स्टेन्शनच्या फाइली मिळाल्या तर एम्युलेटरच्या वाटेला जाऊच नका. हार्बर हा मुक्त कंपायलर क्लिपरची भाषा समजतो आणि त्याच सोर्समधून आजच्या विंडोजचा ६४-बिट प्रोग्राम बनवतो. अडतं ते त्या काळी जोडलेल्या असेंब्ली लायब्ररींपाशी. त्यांची फंक्शनं नव्याने लिहावी लागतात. इथे सोर्स नव्हता. फक्त ईएक्सई (तयार प्रोग्राम), डीबीएफ (डेटा) आणि एनटीएक्स (नोंदी शोधायचे इंडेक्स) फाइली होत्या.

एम्युलेटर म्हणून डॉसबॉक्स-एक्स घेतला. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनला आहे. त्याच्यात हिशेबाचा प्रोग्राम उघडतो, पण छपाई आणि रेकॉर्ड लॉकिंग हा त्याचा प्रांत नाही. डॉसबॉक्स-एक्समध्ये दोन्ही आहेत. डेटा डी ड्राइव्हच्या मुळाशी, आठ अक्षरांच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला. डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. तिथे वनड्राइव्ह चालू असेल तर तो उघडी डीबीएफ फाइल मध्येच सिंक करायला जातो. हा फोल्डर एम्युलेटरला ड्राइव्ह म्हणून जोडताना (माउंट करताना) ‘फ्रीसाइज’ ५०० दिला, म्हणजे प्रोग्रामला डिस्कवर ५०० एमबी मोकळी दिसते. त्या काळच्या कित्येक प्रोग्रामांना दोन जीबीपेक्षा मोठी मोकळी जागा मोजता येत नाही. आकडा ऋण होतो आणि ‘डिस्क भरली’ म्हणून काम थांबतं.

पहिल्यांदा चालवल्यावर मेनू आला, सभासद मास्टर उघडलं, आणि कर्जाच्या स्क्रीनवर जाताच ‘डॉस एरर ४’. याचा अर्थ उघड्या फाइली मर्यादेबाहेर गेल्या. डॉसमध्ये एका प्रोग्रामला मुळात २० फाइल हँडल, म्हणजे फाइल उघडण्याच्या जागा, मिळतात आणि त्यांतली ५ कीबोर्ड, स्क्रीन, प्रिंटर वगैरेंसाठी आधीच गेलेली असतात. सभासद फाइलला चार इंडेक्स असतील तर ती एकटीच ५ हँडल घेते. उरलेल्या १० मध्ये कर्ज, जामीनदार आणि खतावणी बसत नाहीत. उपाय दोन ठिकाणी करावा लागतो. कॉन्फिग फाइलमध्ये ‘फाइल्स’चा आकडा वाढवायचा आणि ऑटोएक्झेकमध्ये (सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या कमांडच्या फाइलीत) ‘क्लिपर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘एफ’ आणि त्यापुढे १२० असं द्यायचं. एकाच ठिकाणी केलं तर एरर तसाच राहतो. जुन्या मशीनच्या ऑटोएक्झेकमध्ये ही ओळ होतीच. म्हणून फक्त डेटा फोल्डर उचलून आणू नका, ऑटोएक्झेक आणि कॉन्फिगच्या फाइलीही आणा. एक्सपीवर त्या विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये ‘ऑटोएक्झेक डॉट एनटी’ आणि ‘कॉन्फिग डॉट एनटी’ नावाने असतात.

वेगाचं गणित उलटं आहे. ‘सायकल्स’ (एम्युलेटरच्या वेगाचा आकडा) कमाल ठेवल्या की सगळं चांगलं चालेल असं वाटतं. पण त्या काळचे काही प्रोग्राम सुरू होतानाच प्रोसेसरचा वेग मोजतात. टर्बो पास्कलमधली कामं यासाठी प्रसिद्ध आहेत. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजून ती संख्या ५५ ने भागायची. उत्तर ६५,५३५ च्या वर गेलं की १६ बिटांत मावत नाही आणि ‘रनटाइम एरर २००’ येऊन प्रोग्राम मरतो. या पतपेढीत व्याज काढायचा एक लहान प्रोग्राम पास्कलमध्ये होता, त्याला हेच झालं. ‘सायकल्स’ ठराविक ३०,००० वर बांधल्यावर तो सुरळीत चालू लागला. क्लिपरचा मुख्य प्रोग्राम मात्र दिवसअखेर करताना या वेगाला संथ पडला. त्याच्यासाठी वेगळी कॉन्फिग फाइल आणि जास्त सायकल्स. प्रत्येक प्रोग्रामला त्याचा स्वतःचा शॉर्टकट आणि स्वतःची कॉन्फिग देणं सगळ्यात सोपं.

दोन काउंटर एकाच डेटावर काम करतात, तेव्हा खरी परीक्षा लॉकिंगची. कॅशियर एका सभासदाची बचत जमा करत असताना दुसऱ्या काउंटरवर तेच खातं उघडलं तर ‘रेकॉर्ड लॉक आहे’ असा संदेश आलाच पाहिजे. डॉसबॉक्स-एक्समध्ये ‘शेअर’ हा पर्याय ‘ट्रू’ असला की विंडोजवर हे लॉकिंग चालतं. ते चालतंय हे गृहीत धरू नका. एक खोटं खातं बनवून दोन्ही मशीनवर एकाच वेळी उघडून बघा. आम्ही दुसऱ्या काउंटरवर संदेश येईपर्यंत खरा डेटा जोडला नाही.

लॉकिंग नीट असूनही इंडेक्स बिघडू शकतो. नेटवर्कवरच्या फोल्डरची माहिती विंडोज काही सेकंद आपल्याजवळ साठवून ठेवते. कागदपत्रांच्या फाइलींना त्याने काही होत नाही. डीबीएफला होतं, कारण एका मशीनने वाढवलेली फाइल दुसऱ्याला जुन्याच लांबीची दिसते. दोन्ही मशीनच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात), लॅनमनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्सखाली तीन डीवर्ड (आकडी) मूल्यं बनवून शून्य केली: फाइल-इन्फो-कॅश-लाइफटाइम, डिरेक्टरी-कॅश-लाइफटाइम आणि फाइल-नॉट-फाउंड-कॅश-लाइफटाइम. तिन्ही नावं इंग्रजीत सलग, एकही जागा न सोडता लिहायची. शिवाय दोन्ही मशीनची ‘स्लीप’ बंद केली. जेवणाच्या सुट्टीत मशीन झोपलं की उघड्या फाइलींचं कनेक्शन तुटतं, आणि परत आल्यावर पहिल्याच नोंदीला इंडेक्स फाटतो. यूपीएस तर हवाच. डीबीएफच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये एकूण रेकॉर्डची संख्या असते आणि वीज मध्येच गेली तर ती संख्या व प्रत्यक्ष फाइल जुळत नाहीत.

आता प्रिंटर. सगळ्यात जास्त बारकावे इथेच निघाले. पतपेढीकडे ९ पिनांचा, यूएसबीचा डॉट मॅट्रिक्स आहे. डॉस प्रोग्राम एलपीटी१ या प्रिंटरच्या जुन्या पोर्टकडे सरळ बाइट पाठवतो, ड्रायव्हर वगैरे त्याला माहीत नाही. विंडोजमध्ये प्रिंटर ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हरवर टाकला आणि लहान नावाने शेअर केला. डॉसबॉक्स-एक्सच्या ‘पॅरलल१’समोर ‘फाइल’ लिहिलं. छापायचं सगळं एका फाइलीत जमा होतं, आणि प्रोग्राम ठरावीक वेळ गप्प राहिला की ‘ओपनविथ’मध्ये दिलेल्या बॅच फाइलला त्या फाइलीचं नाव मिळतं. बॅच फाइल ती फाइल ‘कॉपी’ कमांडने शेअर केलेल्या प्रिंटरकडे पाठवते.

इथे चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘कॉपी’ला ‘स्लॅश बी’ द्यायलाच हवा. नाही तर मजकुरात कोड २६ आला की विंडोज फाइल संपली असं समजते आणि अर्धंच पान छापून थांबते. दुसरी, ‘टाइमआउट’. २,००० मिलिसेकंद पासबुकाला पुरले, पण मुदत ठेवीच्या व्याजपत्रकाला नाही. तो रिपोर्ट प्रत्येक पानाआधी हिशेब करतो, तेवढ्यात वेळ संपते आणि एकाच रिपोर्टचे तुकडे होतात. मधे दुसऱ्या काउंटरची पावती घुसते. तो ५,००० केला. तिसरी, कागदाची लांबी. सलग कागद १२ इंची, म्हणजे इंचाला ६ ओळींच्या हिशेबाने ७२ ओळी. प्रिंटर ११ इंचावर, म्हणजे ६६ ओळींवर, लावलेला असेल तर प्रत्येक पानाला मजकूर एक इंच वर सरकतो आणि पाचव्या-सहाव्या पानापर्यंत शीर्षक पानाच्या मधोमध येतं. कोड २७, ६७, ०, १२ हे चार बाइट पाठवले की लांबी १२ इंच ठरते.

चौथी गोष्ट मागच्या कामाचा अंश. तेरीज १३२ कॉलमची असते. ती ८० कॉलमच्या कागदावर बसवायला प्रोग्राम कोड १५ पाठवून अक्षरं बारीक करतो आणि शेवटी कोड १८ पाठवून पूर्ववत करतो. कोणी एस्केप दाबून रिपोर्ट मध्येच सोडला तर १८ जातच नाही, आणि पुढच्या सभासदाचं पासबुक मुंगीच्या अक्षरांत छापलं जातं. म्हणून बॅच फाइलमध्ये प्रत्येक कामाच्या आधी २७, ६४ (प्रिंटर रीसेट) आणि कागदाच्या लांबीचे चार बाइट असलेली लहान फाइल जोडली. दोन्ही आधी एका तात्पुरत्या फाइलीत एकत्र करायच्या, मग ती एकच फाइल पाठवायची. चौकटीच्या रेघांच्या जागी तिरकी अक्षरं येत असतील तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत अक्षरतक्ता ‘इटॅलिक’ आहे, तो ‘पीसी ४३७’ करायचा.

तारखांचा घोळ अपेक्षेपेक्षा कमी निघाला. डीबीएफमध्ये तारीख आठ आकड्यांत, सालासकट पूर्ण असते, त्यामुळे साठलेल्या डेटाला धोका नव्हता. धोका असतो तो दोन आकडी साल भरण्यात. क्लिपरमध्ये ‘सेट इपॉक’ (दोन आकडी साल कोणत्या शतकातलं ते ठरवणारी ओळ) दिलेलं नसेल तर २६ म्हणजे १९२६ धरलं जातं. या प्रोग्रामचे जवळपास सगळे स्क्रीन चार आकडी साल घेतात. वारसनोंदीचा एकच रिपोर्ट दोन आकडी विचारतो, आणि म्हणून कोरा येतो. सोर्स नसल्याने तो दुरुस्त होणार नव्हता. ती यादी आता डीबीएफची प्रत लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडून काढतात. प्रतच उघडायची. मूळ फाइल कॅल्कमधून सेव्ह केली तर इंडेक्सशी तिचं नातं तुटतं.

मराठी नावांचा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९९० च्या दशकात ही पतपेढी सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड बसवलेल्या मशीनवर काम करत होती. त्या कार्डामुळे डॉसच्या साध्या टेक्स्ट स्क्रीनवर देवनागरी दिसायची, आणि डेटा साठायचा इस्कीमध्ये. इस्की म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा ८-बिटांचा कोड, १९९१ चं भारतीय मानक आयएस १३१९४. कार्ड गेलं, नवीन नोंदी इंग्रजीत सुरू झाल्या, आणि जुनी सभासद नोंदवही कोणाला वाचता येईना. स्क्रीनवर नावांच्या जागी नुसत्या रेघा. मयत सभासदाचे वारस शेअरची रक्कम मागायला आले की नेमकी हीच नोंदवही लागते.

त्या रेघांमध्ये नावं शाबूत असतात. ‘कदम’ हे आडनाव इस्कीमध्ये १७९, १९६, २०४ असं साठतं. कार्ड नसलेल्या मशीनवर हेच आकडे कोडपेज ४३७ (डॉसचा मूळ अक्षरतक्ता) प्रमाणे दिसतात: १७९ म्हणजे उभी रेघ, १९६ म्हणजे आडवी रेघ, २०४ म्हणजे दुहेरी रेघांचा उजवीकडे फुटणारा जोड. तीन अक्षरं, तीन रेघा. असं चित्र दिसलं तर फाइल खराब झाली म्हणून टाकून देऊ नका.

रूपांतर विंडोजमध्येच होतं. विंडोजचं कोडपेज ५७००२ म्हणजे देवनागरी इस्की, आणि विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ हे कमांड लिहायचं साधन ते ओळखतं. डीबीएफ बाइट म्हणून वाचायची. हेडरच्या आठव्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून) दोन बाइट हेडरची लांबी, पुढचे दोन एका रेकॉर्डची लांबी. ३२ व्या बाइटपासून प्रत्येक फील्डचं वर्णन ३२ बाइटांचं, त्यात सुरुवातीला नाव आणि सोळाव्या बाइटला रुंदी. रेकॉर्डचा पहिला बाइट तारा असेल तर ती नोंद काढून टाकलेली आहे. ती गाळू नका, वेगळ्या रकान्यात खूण करून ठेवा, कारण राजीनामा दिलेले सभासद तिथेच असतात. फील्ड एकेक करून ५७००२ ने डीकोड करायचं आणि निकाल सीएसव्हीत लिहायचा, यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीला बीओएम (यूनिकोडची खूण असलेले बाइट) ठेवून, नाही तर एक्सेल मराठी नीट उघडत नाही. त्याच डीबीएफमध्ये यूनिकोड परत भरायचा मोह टाळा. इस्कीत एका अक्षरचिन्हाला एक बाइट लागतो, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीला तीन. ३० रुंदीच्या फील्डमध्ये दहाच चिन्हं मावतात, आणि पूर्ण नाव वडिलांच्या नावाच्या मध्यावर तुटतं.

रूपांतरानंतर नावं डोळ्यांना बरोबर दिसत होती, पण शोधल्यावर काही सापडत नव्हती. इस्कीत हलन्त दोनदा टाकून जोडाक्षर मुद्दाम तोडता येतं, आणि हलन्तापुढे नुक्ता टाकून अर्धं अक्षर दाखवता येतं. यूनिकोडमध्ये त्यांच्या जागी अदृश्य जोडचिन्हं येतात: शून्य-रुंदी नॉन-जॉइनर आणि शून्य-रुंदी जॉइनर. ती शोधासाठीच्या रकान्यातून काढून टाकली, मूळ रकान्यात तशीच ठेवली.

वार्षिक अहवालांच्या जुन्या फाइली पेजमेकर ६.५ या पानमांडणीच्या जुन्या प्रोग्राममधल्या होत्या, यूनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या. ॲडोबी इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६.० आणि पुढच्या फाइली उघडतात, त्यानंतरच्या नाही. इथे सीएस६ नव्हतं, आणि फाँटच्या पॅकेजला डाँगल होतं, म्हणजे लावल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही अशी किल्ली. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक्सपी टाकली. डिस्क कंट्रोलर आयडीई निवडायचा, कारण एक्सपीच्या सीडीवर सॅटाचा एएचसीआय ड्रायव्हर नाही आणि इन्स्टॉल करताना निळा पडदा येतो. नेटवर्क पूर्ण बंद, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून. यूएसबी डाँगल यूएसबी फिल्टरने आत दिलं. डाँगल पॅरलल पोर्टचं असतं तर हे जमलं नसतं. बाजारातली यूएसबी-पॅरलल केबल फक्त प्रिंटर म्हणून वागते, डाँगल शोधणारा प्रोग्राम ३७८ या हेक्स पत्त्यावर थेट पोर्ट शोधतो, तो पत्ता तिथे नसतो. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्हीवरून (विंडोजच्या स्वतःच्या तशाच व्यवस्थेवरून) चालतो आहे आणि सगळं रखडणार; विंडोज सिक्युरिटीतलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ आणि हायपर-व्हीचे भाग बंद करून मशीन पुन्हा चालू करावं लागतं. तसं करायचं नसेल तर हे काम दुसऱ्या मशीनवर ठेवा. काउंटरच्या मशीनची सुरक्षा आम्ही कमी केली नाही. अहवालांच्या पीडीएफ काढल्या. मजकूर यूनिकोडमध्ये हवा असेल तर त्या फाँटचाच तक्ता असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार हाताने तपासावे लागतात, कारण जुन्या फाँटांत ते उच्चाराच्या नव्हे, दिसण्याच्या क्रमाने साठलेले असतात.

शेवटी जुळणी. जुन्या डेटाची प्रत व्हर्च्युअलबॉक्समधल्या एक्सपीवर, आणि तीच डॉसबॉक्स-एक्समध्ये. एका महिन्याचे व्यवहार दोन्हीकडे घातले, दोन्हीकडे दिवसअखेर केली, आणि रोजची तेरीज पैशापर्यंत ताडून पाहिली. प्रोग्रामच्या मेनूतलं ‘रीइंडेक्स’ दोन्हीकडे चालवून पुन्हा ताडली. मगच काउंटर नव्या मशीनवर हलवले. डॉसबॉक्स-एक्सची जी आवृत्ती जुळवली, तिचा इन्स्टॉलर, दोन्ही कॉन्फिग फाइली, बॅच फाइल आणि प्रिंटरची सहा बाइटांची फाइल डेटाच्याच फोल्डरमध्ये ठेवली आहे. पुढच्या आवृत्त्यांत काही सेटिंगं एका विभागातून दुसऱ्यात जातात, म्हणून नवी आवृत्ती टाकायची तर आधी प्रतीवर टाकून खोट्या खात्याचं लॉकिंग आणि एक पूर्ण तेरीज छापून बघायची. रोज दिवसअखेरीनंतर, दोन्ही काउंटर बंद असताना, सगळा फोल्डर झिप होऊन बाहेरच्या डिस्कवर जातो. उघड्या डीबीएफची झिप घेतली तर ती परत लावताना इंडेक्स जुळत नाही.